ग्रो लाइटखाली लावलेली छाट कलमे मुळे न धरताच माना टाकतात तेव्हा

घरात ग्रो लाइटखाली (झाडांसाठीच्या दिव्याखाली) लावलेले छाट कलम, म्हणजे मुळे फुटावीत म्हणून खोचलेला फांदीचा तुकडा, पहिले आठ-दहा दिवस हिरवेगार राहते, कधी एखादे नवे पानही काढते आणि मग एके दिवशी मान टाकते. उकरून पाहिले तर खाली मुळांचा पत्ता नसतो. हाच दोष मी स्वतःच्या आणि इतरांच्या ट्रेमध्ये वारंवार दुरुस्त केला आहे. त्या अनुभवातून माझे ठाम मत असे झाले आहे की बिघाड पानांवर दिसत असला, तरी बहुतेक वेळा त्याची सुरुवात माध्यमाच्या (ज्यात काडी खोचतो त्या मिश्रणाच्या) आत, काडीच्या बुडाशी झालेली असते. त्यामुळे दिवा बदलण्यापूर्वी, तो आणखी जवळ आणण्यापूर्वी किंवा मुळे फुटण्यासाठी लावायचे नवे संजीवक विकत घेण्यापूर्वी बुडाची अवस्था पाहून घ्यावी.

पुढे प्रथम लक्षणे दिली आहेत आणि त्यानंतर तपासण्या, ज्यांना काहीच खर्च नाही त्या आधी आणि ज्यांना वेळ, पैसा व कष्ट लागतात त्या नंतर. एका वेळी एकच बदल करावा आणि त्याचा परिणाम दिसेपर्यंत थांबावे, कारण दिवा, पाणी आणि संजीवक एकदमच बदलले तर कलम जगले तरी कशाने जगले ते कळत नाही.

लक्षणे

लावल्यापासून एक-दोन दिवसांतच पाने लोंबू लागली, तर तो कुजण्याचा प्रकार नसतो, कारण कूज इतक्या लवकर पानांपर्यंत पोहोचत नाही. पानांतून बाहेर जाणारे पाणी कापलेल्या टोकातून आत येणाऱ्या पाण्यापेक्षा जास्त आहे, एवढाच त्याचा अर्थ होतो आणि असे कलम बहुधा वाचवता येते. दिवा चालू असताना मलूल होणारे आणि दिवा बंद झाल्यावर पुन्हा ताठ होणारे कलम हे याच दोषाचे सौम्य रूप असते.

आठवडाभर किंवा त्याहून थोडा अधिक काळ सर्व काही ठीक वाटून मग बुडापासून वर काळपटपणा चढत जाणे, हे कुजण्याचे लक्षण आहे. पाने आणि खोड यांवर राखाडी, मऊ लव दिसत असेल तर ती बहुधा बोट्रायटिस बुरशी असते. साचलेला दमटपणा आणि गळून पडलेली पाने मिळाली की ती फैलावते.

काही कलमे अनेक आठवडे हिरवी आणि टणक राहतात, बुडाशी पांढरट गाठ धरतात, पण मुळे सोडत नाहीत. येथे जीव धोक्यात नसतो, मात्र काम अडलेले असते. थंड माध्यम, जून लाकूड, संजीवकाचा अभाव किंवा मुळातच सावकाश मुळावणारी जात, यांपैकी एखादे कारण असते.

पाने फिकी पडणे, कडा पांढुरक्या होणे किंवा वरच्या बाजूला वळणे हे बहुधा जास्त प्रकाशाचे, तर लांब, बारीक आणि फिकट नवी वाढ हे अपुऱ्या प्रकाशाचे लक्षण आहे. खालचे एखादे पान पिवळे होऊन गळाले तर घाबरण्याचे कारण नाही. कलम त्या पानातील अन्नद्रव्ये वापरून घेत असते. मुळे आल्यानंतर कुंडीत हलवल्यावर कलम मरत असेल, तर दोष मुळे धरण्यात नसून बाहेरच्या हवेची सवय लावण्यात आहे. त्याचा विचार दमटपणाच्या तपासणीत केला आहे.

पहिली तपासणी: बूड प्रत्यक्ष पाहावे

ट्रेमधील सर्वांत खराब आणि सर्वांत चांगले दिसणारे अशी दोन कलमे निवडावीत. ती ओढून काढू नयेत. चमच्याच्या दांड्याने कडेचे माध्यम सैल करून अलगद उचलावीत, बूड साध्या पाण्यात हलवून स्वच्छ करावे आणि पांढऱ्या कागदावर ठेवून टॉर्चच्या उजेडात नीट पाहावे.

बूड फिकट पिवळसर, टणक आणि किंचित फुगलेले असेल आणि त्यावर मोहरीहूनही बारीक पांढरे उंचवटे दिसत असतील, तर मुळे फुटण्याच्या बेतात आहेत. ते कलम लगेच परत लावून पुढील दोन आठवडे त्याला हात लावू नये. बूड तपकिरी-काळे आणि ओलसर असेल, चिमटीत धरल्यावर साल सुटून हातात येत असेल आणि आत दोऱ्यासारखा गाभा उरत असेल, तर ती कूज आहे. त्याला बहुतेक वेळा आंबूस वासही येतो. बूड काळे पण कोरडे, कडक आणि सुरकुतलेले असून काळा व हिरवा भाग यांच्यामध्ये स्पष्ट रेघ दिसत असेल, तर ते एक तर वाळले आहे किंवा तीव्र संजीवकाने भाजले आहे. आणि बूड लावल्या दिवशी होते तसेच हिरवे, न बदललेले असेल, तर माध्यम थंड आहे किंवा फांदी फार जून आहे असे समजावे.

ही तपासणी मी नेहमी सर्वांत आधी करतो, कारण तहान आणि कूज या दोन्हींमध्ये पाने सारखीच लोंबतात, पण उपाय मात्र परस्परविरुद्ध असतात. कुजत असलेल्या बुडावर पाणी घातले की उरलेसुरले कलमही जाते. कूज वरपर्यंत गेली नसेल, तर निरोगी हिरव्या भागापर्यंत नवा काप घेऊन, पाते पुसून, ताज्या माध्यमात पुन्हा लावता येते. कापलेल्या तोंडावर मधोमध तपकिरी ठिपका किंवा वर्तुळ दिसत असेल, तर आणखी वर कापावे. तरीही ठिपका राहिला तर ते कलम टाकून द्यावे.

दुसरी तपासणी: काडीची दिशा, पेर आणि पाने

पाने नसलेली काडी उलटी लावली जाणे हा वाटतो त्याहून अधिक आढळणारा दोष आहे. ऑक्सिन हे संजीवक फांदीत शेंड्याकडून बुडाकडे वाहते आणि बुडाशी साठून तेथे मुळे सुरू करते. काडी उलटी झाली म्हणून या वाहण्याची दिशा बदलत नाही. म्हणून फांदी कापतानाच खालचा काप तिरका आणि वरचा काप आडवा घेण्याची सवय ठेवावी, म्हणजे नंतर शंका उरत नाही.

निदान एक पेर, म्हणजे पान जेथे खोडाला जोडलेले असते ती जागा, माध्यमाच्या आत असावे आणि खालचा काप त्या पेराच्या लगेच खाली असावा. बऱ्याच झाडांत मुळे पेराजवळून सहज निघतात. मनी प्लांटमध्ये तर मुळांचे कोंब पेरावर आधीच तयार असतात. पेराशिवाय लावलेले मनी प्लांटचे नुसते पान मुळे धरू शकते, पण त्याला डोळा (ज्यातून कोंब फुटतो ती कळी) नसल्यामुळे नवा कोंब कधीच येत नाही आणि महिनोन्‌महिने वाट पाहणे वाया जाते.

माध्यमाला टेकणारी पाने आणि सर्व कळ्या-फुले काढून टाकावीत, कारण टेकलेले पान आधी कुजते आणि फुले मुळांसाठी लागणारे अन्न खातात. वर दोन ते तीन पाने ठेवावीत व ती फार रुंद असतील तर अर्धी कापावीत. पाणी वाचवण्यासाठी सगळीच पाने काढणे मात्र कोवळ्या कलमाला घातक ठरते, कारण साखर आणि ऑक्सिन यांचा पुरवठा पानांतून आणि कोंबांतूनच होतो.

फायकसच्या (रबर प्लांटसारख्या झाडांच्या) कापातून चीक येतो, तो थांबेपर्यंत बूड पाण्यात धुवावे. कोरफड, निवडुंग आणि इतर मांसल झाडांची गोष्ट पूर्ण वेगळी आहे: त्यांचा काप काही दिवस सावलीत वाळू द्यावा आणि ती झाकणाखाली ठेवूच नयेत. पुढे दमटपणाविषयी जे सांगितले आहे, ते त्यांना लागू नाही.

तिसरी तपासणी: पुरेसा वेळ दिला आहे का

कोलियस आणि पुदिना साधारण एक ते दोन आठवड्यांत मुळे सोडतात, मनी प्लांट दोन ते चार आठवड्यांत, गुलाबाची काडी चार ते आठ आठवड्यांत, तर फायकस आणि बोगनवेल यांना दोन महिनेही लागू शकतात. फांदी जितकी जून, तितका वेळ जास्त. नवे पान फुटले म्हणजे मुळे आली असे मानू नये. काडीत साठलेल्या अन्नावरही डोळा फुटतो आणि तो साठा संपला की कोंब सुकतो. मुळांचा खरा पुरावा म्हणजे हलके ओढल्यावर जाणवणारा प्रतिकार किंवा ट्रेच्या छिद्रातून दिसणारे पांढरे टोक. मात्र रोज ओढून पाहू नये, कारण नुकतेच फुटलेले मूळ केसाइतके नाजूक असते आणि त्या ओढण्याने तुटते.

चौथी तपासणी: माध्यमातील पाणी आणि हवा

माझ्या पाहण्यात आलेल्या बहुसंख्य तक्रारी येथेच संपतात. मुळे नसलेल्या कलमाला भरपूर पाणी द्यावे असे स्वाभाविकपणे वाटते, पण बुडाशी नव्या पेशी तयार होण्यासाठी श्वसन जोरात चालावे लागते आणि त्यासाठी प्राणवायू लागतो. माध्यमातील पोकळ्या पाण्याने भरल्या की हा प्राणवायू तुटतो, पेशी मरतात आणि मेलेल्या पेशींवर पिथियमसारखे कूज करणारे रोगकारक वाढतात. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतो, म्हणजे माती ओलसर आहे पण चिखल नाही आणि कणांच्या मधे हवा खेळते आहे, तीच स्थिती ट्रेमध्येही हवी.

मूठभर माध्यम घेऊन घट्ट दाबावे. एक-दोन थेंब निघाले तर ओलावा योग्य आहे, धार लागली तर पाणी जास्त आहे आणि मूठ उघडताच माध्यम भुरभुरून सुटले तर ते कोरडे आहे. ही तपासणी ट्रेच्या तळाच्या माध्यमावर करावी, कारण वरचा थर फसवतो: दिव्याखाली तो कोरडा आणि फिकट दिसतो, म्हणून पाणी घातले जाते आणि खाली मात्र चिखल झालेला असतो.

याला उथळ ट्रे आणखी हातभार लावतो. कोणत्याही भांड्यात पाणी निथरून गेल्यावरही तळाशी पाण्याने पूर्ण भरलेल्या माध्यमाचा एक थर उरतोच आणि त्याची जाडी भांड्याच्या उंचीवर नव्हे, तर माध्यमाच्या कणांच्या आकारावर ठरते. चार सेंटिमीटर उंचीच्या ट्रेमध्ये हा थर काडीच्या बुडापर्यंत सहज पोहोचतो. दहा सेंटिमीटर खोल भांड्यात बूड त्याच्या बरेच वर राहते. म्हणून अडचण वारंवार येत असेल तर खोल भांडे वापरावे आणि काडी तळाला टेकेल इतकी खोल खोचू नये.

माध्यम म्हणून धुतलेले कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि परलाइट (हलके, सच्छिद्र पांढरे खडे) सम प्रमाणात घेतलेले मिश्रण बहुतेक झाडांना चालते. बागेतील माती घेऊ नये. ती ट्रेमध्ये घट्ट बसते आणि रोगाचे बीजाणूही बरोबर आणते. वारंवार फवारा मारण्यापेक्षा माध्यम एकदा नीट भिजवून पूर्ण निथरू द्यावे आणि ट्रे उचलून त्याचे वजन हाताला ओळखीचे करून घ्यावे. पुढचे पाणी तो हलका वाटल्यावरच द्यावे.

पाण्याच्या ग्लासात मुळे आणणाऱ्यांचीही अडचण हीच, म्हणजे प्राणवायूचीच असते. २० अंश सेल्सियसला पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो आणि ३० अंशांना तो साधारण साडेसात मिलिग्रॅमवर येतो, म्हणजे गरम पाण्यात गरज वाढते आणि पुरवठा घटतो. दिवा तापवत असलेल्या ग्लासातील पाणी तीन-चार दिवसांनी बदलावे आणि ग्लासला बाहेरून कागद गुंडाळावा, नाहीतर प्रकाशामुळे त्यात शेवाळ धरते.

पाचवी तपासणी: झाकणाखालचा दमटपणा

पहिल्या आठवड्यात कलमाभोवती ८० ते ९५ टक्के सापेक्ष आर्द्रता असावी, कारण मुळे नसताना पानांतून जाणारे पाणी रोखण्याचा तोच खरा मार्ग आहे. पारदर्शक झाकण किंवा स्वच्छ पिशवी त्यासाठी पुरते. झाकणाच्या आतल्या बाजूला बारीक धुके दिसणे चांगले. मोठे थेंब वाहून पानांवर ठिबकत असतील तर ओलावा प्रमाणाबाहेर गेला आहे आणि बोट्रायटिसला आमंत्रण मिळते आहे. दिवसातून दोनदा झाकण उचलून हवा बदलावी आणि गळालेले प्रत्येक पान त्याच वेळी उचलून टाकावे.

मुळे आल्यावर झाकण एकदम काढू नये. दमट हवेत वाढलेल्या पानांवर मेणाचा थर पातळ असतो आणि त्यांची पर्णरंध्रे (पानांवरची सूक्ष्म छिद्रे) लवकर मिटत नाहीत, त्यामुळे कोरड्या हवेत ती तासाभरात सुकतात. आठवडाभर रोज थोडी अधिक फट ठेवत जावे.

सहावी तपासणी: प्रकाशाची तीव्रता, अंतर आणि तास

मुळे नसलेल्या कलमाला प्रकाश हवा, पण बेताचा. प्रकाश वाढला की पर्णरंध्रे उघडतात आणि पान तापते, म्हणजे पाण्याची मागणी वाढते, जी पूर्ण करणारी मुळे अजून जन्मलेलीच नसतात. याउलट अगदी अंधुक उजेडात साखर तयार होत नाही आणि मुळांना बांधकामाचे साहित्यच मिळत नाही. या दोन्हींच्या मधली जागा शोधणे, हेच ग्रो लाइटचे खरे काम आहे.

पानाच्या उंचीवर दर सेकंदाला दर चौरस मीटर सुमारे ७० ते १०० मायक्रोमोल (मोल हे प्रकाशकण मोजण्याचे एकक आणि मायक्रोमोल त्याचा दशलक्षांश) एवढा प्रकाश सुरुवातीला पुरतो. ८० मायक्रोमोल दिवसातून १६ तास मिळाले तर दिवसाची बेरीज साधारण ४.६ मोल होते आणि मुळे येण्यापूर्वी ४ ते ६ मोल ही बेरीज बहुतेक घरगुती झाडांना मानवते. मुळे दिसल्यावर ती हळूहळू ८ ते १० मोलपर्यंत न्यावी. मायक्रोमोल दाखवणारा मापक नसेल तर पांढऱ्या एलईडीसाठी लक्स मापक किंवा फोनमधील अॅप अंदाजापुरते चालते: ५ ते ७ हजार लक्स म्हणजे साधारण ७० ते १०० मायक्रोमोल. जांभळ्या दिव्याखाली मात्र लक्सच्या आकड्यावर अजिबात विसंबू नये, कारण लक्स हे माणसाच्या डोळ्याच्या संवेदनेवर बेतलेले माप आहे आणि त्यात लाल-निळ्या प्रकाशाला फार कमी वजन मिळते. जांभळ्या प्रकाशात पिवळे पडणारे पान आणि काळे पडणारे खोड ओळखूही येत नाही. निव्वळ एवढ्या कारणासाठी मी कलमांवर पांढरा दिवाच पसंत करतो.

कोणतेच मापक नसेल तर पानांच्या उंचीवर हाताची मागची बाजू अर्धा मिनिट धरावी. ऊब जाणवली तर दिवा नक्कीच जवळ आहे, आणि ऊब जाणवली नाही तरी तेवढ्याने प्रकाश बेताचा आहे असे मात्र ठरत नाही. एकट्या बल्बचे अंतर ३० सेंटिमीटरवरून ६० केले तर प्रकाश जवळजवळ एक चतुर्थांशावर येतो, पण लांब ट्यूब किंवा रुंद पॅनेलखाली घट इतकी मोठी नसते. म्हणून पॅनेल थोडेसे वर करून काम झाले असे समजू नये. पानांची प्रतिक्रिया तीन-चार दिवस पाहावी.

दिवा टायमरवर १४ ते १६ तास ठेवावा. शेवंतीसारखी झाडे लहान दिवसांत कळ्या धरतात. त्यांच्या कलमांना लांब दिवस दिला की फांदी फुलांकडे न वळता वाढीत राहते आणि मुळे सोपी जातात. झाकणाचे प्लास्टिक जुने आणि धूसर झाले असेल तर तेही बराच प्रकाश अडवते, हे मोजताना विसरू नये. मापक झाकणाच्या आत ठेवूनच मोजावे.

सातवी तपासणी: माध्यमाचे तापमान

खोली उबदार आहे म्हणून माध्यमही उबदार असेल असे नाही. ओल्या पृष्ठभागावरून पाण्याची वाफ होताना उष्णता निघून जाते आणि माध्यम हवेपेक्षा काही अंश थंड राहू शकते. स्वयंपाकघरातील साधा टोकदार थर्मामीटर बुडाच्या खोलीवर खोचून पहाटे आणि दिवा काही तास चालू राहिल्यावर अशी दोन वेळा नोंद घ्यावी. बहुतेक घरगुती झाडांना २१ ते २५ अंश सेल्सियस योग्य असतात. १८ अंशांच्या खाली गाठ धरते पण मुळे रेंगाळतात, आणि ३० अंशांच्या वर कुजण्याचा वेग मुळांच्या वेगाला मागे टाकतो.

माध्यम थंड असेल तर थर्मोस्टॅट (तापमान आपोआप आवरणारे यंत्र) असलेली उष्ण चटई ट्रेखाली ठेवावी आणि तिचा संवेदक माध्यमातच खोचावा. थर्मोस्टॅट नसलेली चटई बंद झाकणाखाली धोकादायक ठरते. चटईमुळे माध्यम तळाकडून वाळते, म्हणून ओलावा खालून तपासावा. तापमान जास्त असेल तर आधी झाकणाला फट द्यावी आणि दिव्याचा अडॅप्टर ट्रेखालून हलवावा. अनेकदा तेवढ्याने काम होते.

आठवी तपासणी: पाते, भांडी आणि चिलटे

बोथट कात्रीने खोड चेचले जाते आणि चेचलेल्या पेशी कुजण्याला वाट करून देतात. धारदार पाते वापरावे आणि प्रत्येक झाडानंतर ते ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे. ज्या ट्रेमध्ये कलमे कुजली, त्यातील माध्यम पुन्हा कलमांसाठी वापरू नये. ट्रे साबणाने घासून, निर्जंतुक करून आणि पूर्ण वाळवूनच घ्यावा. माध्यमावर काळी बारीक चिलटे उडत असतील तर त्यांच्या अळ्या ओल्या थरात बुरशीबरोबर कोवळी मुळेही खात असतात. पिवळे चिकट कागद लावावेत, पण खरा उपाय म्हणजे वरचा थर सुकू देणे.

नववी तपासणी: संजीवक

इंडोल ब्युटिरिक आम्लाने मुळे फुटण्यास चालना मिळते, हे पर्सी झिमरमन आणि फ्रँक विल्कॉक्सन या शास्त्रज्ञांनी १९३५ मध्ये प्रसिद्ध केले आणि तेव्हापासून कलमांसाठी हेच संजीवक सर्वाधिक वापरात आहे. कोवळ्या फांद्यांना ०.१ टक्का, अर्धवट जून फांद्यांना ०.१ ते ०.३ टक्के आणि पक्व, कठीण लाकडाला ०.३ ते ०.८ टक्के तीव्रतेची पावडर सामान्यतः वापरतात. जास्त लावल्याने मुळे जास्त येत नाहीत. बूड भाजते आणि डोळ्यांची वाढ थांबते, म्हणून लावल्यावर काडी टिचकी मारून झटकावी.

पावडर मूळ डबीत काडी बुडवून घेऊ नये. लागेल तेवढी वेगळ्या कागदावर काढावी आणि उरलेली फेकावी, नाहीतर ओलावा आणि रोग दोन्ही डबीत जातात. डबी थंड, कोरड्या आणि अंधाऱ्या जागी ठेवावी. उष्णतेत ठेवलेल्या जुन्या पावडरीवर विश्वास टाकू नये. पुदिना आणि तुळस यांना संजीवकाची गरजच नसते, आणि जी पाने खायची आहेत त्यांच्या कलमांना ते न लावणेच योग्य. मध किंवा दालचिनी पूड लावल्याने काही प्रमाणात बुरशीला आळा बसू शकतो, परंतु ती मुळे फोडणारी द्रव्ये नाहीत.

दहावी तपासणी: मातृझाड

एवढे करूनही फरक पडत नसेल तर ज्या झाडावरून फांदी घेतली, त्या झाडाकडे वळावे. तहानलेल्या झाडाची फांदी सुरुवातीलाच तोट्यात असते, म्हणून आदल्या दिवशी झाडाला पाणी देऊन सकाळी फांदी घ्यावी. नत्रयुक्त खताच्या माऱ्याने वाढलेली लुसलुशीत फांदी चटकन कुजते. बऱ्याच लाकडी झाडांत वयस्क, फुलणाऱ्या फांद्यांची मुळे फोडण्याची क्षमता कमी होत जाते. अशा झाडाची कडक छाटणी करून बुंध्याजवळून येणारे नवे जोमदार फुटवे घेतले तर पुष्कळदा अडलेले काम सुटते. याला एक-दोन महिने थांबावे लागते, म्हणूनच ही तपासणी इतक्या उशिरा ठेवली आहे.

अकरावी तपासणी: पाणी आणि क्षार

न धुतलेल्या कोकोपीटमध्ये सोडियम आणि पोटॅशियमचे क्षार बरेच असू शकतात. निथरणारे पाणी गडद तपकिरी असेल तर आणखी धुवावे आणि क्षारमापक असल्यास निथरलेल्या पाण्याचे माप ०.५ मिलिसीमेन्स प्रति सेंटिमीटरच्या आसपास येईपर्यंत धुवत राहावे. पाणी मृदू करणाऱ्या घरगुती यंत्रातील पाण्यात सोडियम असते, ते कलमांना देऊ नये. माध्यमाचा सामू (पीएच) ५.५ ते ६.५ दरम्यान असावा. मुळे येईपर्यंत खत देऊ नये आणि मुळे आल्यावर नेहमीच्या मात्रेच्या एक चतुर्थांशाने सुरुवात करावी.

कधी थांबावे आणि कोणाला बोलवावे

दिव्याच्या किंवा चटईच्या धातूच्या भागाला हात लावताच झिणझिण्या येत असतील, गळती-रोधक स्विच पुन्हा पुन्हा पडत असेल, प्लग काळवंडला असेल किंवा जळका वास येत असेल, तर कलमांचा विचार बाजूला ठेवावा. उपकरणाला हात न लावता मुख्य स्विच बंद करावा आणि इलेक्ट्रिशियन तपासून देईपर्यंत तो चालू करू नये. दमट झाकणे, पाण्याचे फवारे आणि वीज एकाच फळीवर असतात; येथे स्वतः दुरुस्ती करून पाहण्याला जागा नाही.

मातृझाडाच्या पानांवर हिरव्या-पिवळ्या रंगाची अनियमित नक्षी, वेडीवाकडी पाने किंवा वर्तुळाकार ठिपके दिसत असतील, तर विषाणूचा संशय घ्यावा आणि त्या झाडावरून एकही फांदी घेऊ नये, कारण कलमातून विषाणू जसाच्या तसा पुढच्या झाडात जातो आणि त्यावर फवारणीचा उपाय नाही. गुलाबाच्या बुंध्यावर खडबडीत गाठी असतील तर तेही झाड कलमांसाठी बाद समजावे.

जिरॅनियमसारखे कलम हिरवे असतानाच एका बाजूने अचानक मलूल होत असेल, तर खोडाचा तुकडा कापून स्वच्छ पाण्याच्या काचेच्या ग्लासात टोक बुडेल असा स्थिर धरावा. काही मिनिटांत कापातून दुधाळ धागे खाली उतरताना दिसले, तर ती जिवाणूजन्य मर असण्याची दाट शक्यता आहे. तिला कारणीभूत असणाऱ्या राल्स्टोनिया जिवाणूचे काही प्रकार अनेक देशांत नियंत्रित रोगांच्या यादीत आहेत, म्हणून तो ट्रे हलवू नये, त्यातील कलमे कोणाला देऊ नयेत आणि वनस्पती रोगनिदान प्रयोगशाळेशी किंवा कृषी विभागाशी संपर्क साधावा.

रोग नाही, पाणी, प्रकाश आणि तापमान सर्व ठीक आहे, तरीही लागोपाठच्या हंगामांत एकही काडी मूळ धरत नाही, असे झाले तर ती जात छाट कलमासाठी नाही असे मानून थांबावे. अशा झाडांसाठी अनुभवी रोपवाटिकाकाराकडून गुटी कलम बांधून घेणे (फांदी झाडावर असतानाच तिला मुळे आणणे) किंवा डोळा भरून घेणे (तिचा डोळा दुसऱ्या रोपावर बसवणे) अधिक शहाणपणाचे असते. ते हात बसलेल्या माणसाने एकदा समोर करून दाखवले की पुढे स्वतःलाही जमू लागते.

प्रयोगशाळेत नमुना पाठवायचा असेल तर पूर्ण मेलेले कलम उपयोगाचे नसते, कारण त्यावर तोपर्यंत इतर बुरशी चढलेल्या असतात. अर्धे आजारी, बुडासह काढलेले कलम आणि तुलनेसाठी एक निरोगी कलम द्यावे, ती कोरड्या कागदात वेगवेगळी गुंडाळावीत, ओल्या प्लास्टिकमध्ये बांधू नयेत आणि सोबत झाडाचे नाव, लावल्याची तारीख, माध्यम, पाण्याचा प्रकार, माध्यमाचे तापमान आणि दिव्याचे तास लिहून द्यावेत.